सिरका होईपर्यंत

फ्रेंच नाना आलेल्या माणसाचे तोंड नंतर बघत, पाय आधी. त्यांच्या खाणावळीच्या दाराला अर्धा पडदा होता, खाली मोकळा. त्याखालून पाय दिसले की नानांच्या हातातले काम थांबे. वहाणा असतील तर पळी पुन्हा हलू लागे. जाड चामड्याचे बूट असतील तर नाना कमरेचा पंचा सोडून मागच्या दाराशी जाऊन उभे राहत, आणि त्यांची बहीण पुढे येऊन काय पाहिजे ते विचारी. त्या वेळी जळगावात जाड बूट घालणारे लोक थोडे होते आणि त्यांतले बहुतेक खाकीतले होते. नानांना भीती होती ती खाकीचीच.

त्यांचे खरे नाव रेशन कार्डावर होते आणि तेवढ्यापुरतेच ते वापरात येई. जन्म पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. तरुणपणी मुंबईला गेले, बोटीवर भटारखान्यात लागले आणि एका फेरीत फ्रान्समधल्या मार्सेलिसला उतरले ते पुन्हा बोटीवर चढलेच नाहीत. तिथे बंदराजवळच्या गल्लीत एक बाई एकटीने छोटी खाणावळ चालवत असे. नाना तिला मादाम म्हणत. भांडी घासण्यापासून सुरुवात करून ते तिच्या चुलीपर्यंत पोचले आणि वीसेक वर्षे तिथे राहिले. दुसरी लढाई संपल्यावर परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, एक बाटली आणि गावात कोणालाच न लागणारे कसब होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच त्यांनी जळगावला स्टेशनजवळच्या एका गल्लीत खाणावळ काढली. थोरली बहीण विधवा होती, ती मदतीला आली. तिला सगळे अक्का म्हणत. मी तेव्हा एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि आमचा छापखाना त्याच गल्लीच्या तोंडाशी होता.

फ्रेंच खाणावळ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते त्यातले तिथे काही नव्हते. लाकडी बाके, टेबलांवर बाजारात मिळणारे मेणकापड, पितळी पेले. पाटी नव्हती. रोज एकच पदार्थ होई आणि तो काय आहे ते आत आल्यावर विचारायचे. हाताने जेवले तरी चाले, काट्याने जेवले तरी चाले. नानांना एकच गोष्ट खपत नसे, ती म्हणजे घाई. स्टेशनातला कोणी गाडीची वेळ सांगून भराभर घास घेऊ लागला की ते त्याच्यासमोर येऊन बसत आणि म्हणत, "घाई काय शे? जेवन पळी जात नही." मग तो माणूस संकोचाने हळू जेवे. ज्यांची गाडी खरोखर चुकली असे एक गृहस्थ पुढे रोजचे गिऱ्हाईक झाले.

पदार्थ साधे होते. भरताची वांगी, टोमॅटो आणि भोपळी मिरची मंद आचेवर एकत्र शिजवून केलेली भाजी. तापीतला मासा लोण्यात परतलेला. बकऱ्याचे मटण गाजरे घालून दुपारभर शिजवलेले. जळक्या साखरेचे, अंड्याचे थरथरते गोड. मटण अक्का खात नसत आणि त्या भांड्यांना हात लावत नसत. त्यांची चूल वेगळी होती. पाव न खाणाऱ्यांसाठी त्या तिच्यावर भाकरी करत आणि खानदेशी गिऱ्हाइकाला फ्रेंच जेवण गिळता यावे म्हणून ठेच्याची वाटी प्रत्येक टेबलावर ठेवत. नाना ती वाटी उचलून नेत, अक्का परत आणून ठेवत. भावाच्या विद्येबद्दल त्यांचे मत एका वाक्यात होते आणि ते अक्का नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून ऐकवत. "वीस वरीस तिकडे राहिना, अन् शिकना काय, तर वांगानी भाजी."

पण जेवणाऱ्यांना परत आणणारी गोष्ट वेगळी होती. काकडी, कांदा, कोवळी मेथी किंवा उकडलेला बटाटा यांवर नाना भुईमुगाचे तेल आणि एक आंबट पाणी शिंपडत. ती आंबट चव लिंबाची नव्हती, चिंचेची नव्हती. तो सिरका होता, इंग्रजीत व्हिनेगर म्हणतात ते, आणि तो नाना स्वतः करत. फ्रान्समधून आणलेल्या त्या एका बाटलीत सिरक्याची माय होती. सायीसारखी दिसणारी, पण चिवट आणि बुळबुळीत कातडी. मादामच्या भाषेत तिला आईच म्हणतात, म्हणून नाना माय म्हणत. द्राक्षाच्या दारूत ती सोडली की दारूचा सिरका होतो आणि माय वाढते. खायला मिळाले नाही की ती हळूहळू मरते.

मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली तेव्हा नानांनी तिला केळ्यावर आणले. पूर्व खानदेशात केळ्यांना तोटा नव्हता. वॅगनमध्ये न चढलेले, दबलेले घड मालधक्क्यावर पडून असत. नाना ती केळी कुस्करून पाण्यात कालवत आणि चिनी मातीच्या मोठ्या बरणीत, फडके बांधून, आतल्या खोलीत धान्याच्या पोत्यांमागे ठेवत. पहिले काही दिवस तो नुसता केळ्याचा रस असे. शेवटी तो सिरका होई. दोन्ही गोष्टी कायद्याने निर्दोष होत्या. मधले दिवस मात्र वेगळे होते. मधल्या दिवसांत बरणीत फेस येई, वास सुटे आणि त्या रसाला कायद्यात एकच नाव होते. नाना त्यांना कच्चे दिवस म्हणत. सिरका होईपर्यंत घरात दारू आहे, हे त्यांना माहीत होते, आणि त्याची शिक्षा काय, तेही त्यांनी एका वकिलाला विचारून घेतले होते. तो वकील रोजच जेवायला येई.

कच्च्या दिवसांत खाणावळीत कांद्याचे सूप असे. चवीसाठी नव्हे, वासासाठी. सकाळपासून कांदे तळले जात, गल्लीभर त्याचाच वास भरे आणि बरणीचा वास त्याखाली दबे. हे सगळ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक झाले होते. दारात आल्यावर कांद्याचा वास आला की काही जण परत फिरत. आत येणारे भिंतीकडेच्या टेबलांवर बसत आणि आवाज खाली ठेवत. कलेक्टर कचेरीतला एक कारकून नेमाने येत असे. नोकरी जाण्याच्या भीतीने तो मागच्या दाराजवळच बसे. तरी तो येई, कारण तसले सूप दुसरीकडे कुठे मिळत नव्हते. आम्ही ते गोड, दाट सूप पीत असू आणि मधूनमधून पडद्याखाली बघत असू. तसे बघण्याची सवय आम्हाला नानांनीच लावली होती.

एकदा कच्च्या दिवसांतच पडद्याखाली बूट आले. पोलिसांतला एक शिपाई होता. विडी पेटवायला काडी हवी होती त्याला. अक्का भाजी आणायला गेल्या होत्या, म्हणून नानांना पुढे यावे लागले. त्यांनी काडेपेटी दिली. शिपायाने विडी पेटवली आणि पेटी परत केली, ती घ्यायला नानांचा हात पुढे होईना. शिपायाने पेटी टेबलावर ठेवली, काय छान वास सुटलाय म्हणाला आणि गेला. मग नाना एका उपड्या घमेल्यावर बसले. कारकून मागच्या दाराने गेला होता. त्याच्या गळ्यात खाणावळीचा रुमाल तसाच होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो धुऊन, घडी करून पाठवून दिला. तो स्वतः आला नाही.

ही माय सोडून द्या, लिंबू पिळा, असे नानांना सगळ्यांनी सांगून पाहिले. अक्का तर रोज सांगत. वकिलांनी कलमे वाचून दाखवली. नाना ऐकून घेत आणि पुन्हा केळी आणत. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा त्यांनी मला कारण सांगितले. लढाईत मार्सेलिस जर्मनांच्या हातात गेल्यावर नाना इंग्रजांची प्रजा म्हणून शत्रू ठरले. त्यांना न्यायला आलेला पोलीस चांगला माणूस होता. त्याने दारावर टकटक केले, टोपी काढली, मादामला नमस्कार केला. दोन दिवसांचे कपडे घ्या म्हणाला, चौकशी झाली की परत याल. घाई करू नका, असेही म्हणाला. मादामने घाईघाईने बरणीतली माय फाडून तिचा एक तुकडा बाटलीत घातला आणि ती नानांच्या कपड्यांत ठेवली. तिला तिच्या आईकडून आलेली ती माय होती. नाना लढाई संपेपर्यंत तुरुंगछावणीत राहिले आणि मिळेल तो दारूचा घोट घालून त्यांनी माय जगवली. परत गेले तेव्हा घर पडलेले दिसेल अशी त्यांची तयारी होती. तिथे गल्लीच नव्हती. सगळा भाग पाडून सपाट केला होता आणि मादामचे काय झाले ते सांगणारे कोणी सापडले नाही.

"माले भेव वाटस, भाऊ," नाना म्हणाले. "पण ती मन्ही नही. माले सांभाळाले देयेल शे."

त्यानंतर किती महिन्यांनी ते मला नक्की आठवत नाही, पण थंडी होती. कच्चे दिवस होते. कांद्याचे सूप होते. संध्याकाळी एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. पायांत साध्या चपला होत्या, अंगात पांढरा सदरा. नानांनी पाय पाहिले आणि स्वतः पुढे होऊन त्यांना मधले टेबल दिले. त्या काळात कुटुंबासह जेवायला येणारे विरळा. नाना खुशीत होते. सूप वाढून झाले. तेवढ्यात भिंतीकडचे वकील उठले, जवळ आले आणि हात जोडून म्हणाले, नमस्कार इन्स्पेक्टरसाहेब, धुळ्याहून इकडे बदली झाल्याचे ऐकले. गृहस्थ हसून म्हणाले, हो, दारूबंदीकडे आलोय. वकिलांनी हे नानांना सावध करण्यासाठी केले की ओळख दाखवण्यासाठी, ते त्यांनी पुढे कधी सांगितले नाही.

नाना पावाची थाळी घेऊन उभे होते. इन्स्पेक्टर त्यांच्याकडे वळले. आवाज मऊ होता. "तुमचं नाव ऐकून आलो. सावकाश होऊ द्या. आम्हाला घाई नाही."

नानांनी थाळी टेबलावर ठेवली आणि ते आत गेले. आतून काही जड ओढल्याचा आवाज आला. अक्का दबल्या आवाजात काही म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. मग बराच वेळ पाणी ओतल्यासारखा आवाज येत राहिला. आतल्या मोरीचे पाणी खाणावळीच्या कडेने येऊन पुढच्या उघड्या गटारात पडत असे. थोड्याच वेळात कांद्याच्या वासावर दुसरा वास चढला. बरणी पोत्यांमागे असताना जो वास कधी बाहेर आला नव्हता, तो आता दारातून आत येत होता. कोणी कोणाकडे बघितले नाही. इन्स्पेक्टरांच्या पत्नीने नाकाला पदर लावला. इन्स्पेक्टर सूप पीत राहिले. वाटी संपवून त्यांनी पावाच्या तुकड्याने तिचा तळ पुसून घेतला.

पुढचे जेवण अक्कांनी वाढले. ज्या भांड्यांना त्यांनी कधी हात लावला नव्हता ती भांडी त्या संध्याकाळी त्यांनी उचलली. शेवटी गोड आले. इन्स्पेक्टरांनी पैसे दिले आणि छान होते, पुन्हा येऊ, असे सांगून ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता आणि तोपर्यंत खाणावळीत कोणी हलले नाही.

मी आत गेलो. नाना मोरीच्या कट्ट्यावर बसले होते. बरणी आडवी पडली होती. रसाबरोबर मायही वाहून गेली होती. बाजूला काढून ठेवण्याइतका वेळ होता, पण वेळ आहे असे त्यांना वाटले नव्हते. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. एरवी टोमणे मारणाऱ्या त्या बाईने त्या वेळी फार हळू आवाजात सांगितले, "त्यानी मांगी बी नही, अन् तू टाकी दिनी."

सकाळी उजाडताच त्या काठी घेऊन गटार धुंडाळत होत्या. झाडूवाले त्याआधी येऊन गेले होते.

काही झाले नाही. धाड आली नाही, समन्स आले नाही. सॅलडवर लिंबू पडू लागले. कांद्याचे सूप बंद झाले. घरात आता काही नव्हते, तरी नाना कोणी येण्याची वाट बघत होते. गल्लीत सायकल थांबली तरी त्यांचा हात थांबे. काही आठवड्यांनी बातमीच्या कामासाठी मी दारूबंदीच्या कचेरीत गेलो तेव्हा इन्स्पेक्टरांना सरळ विचारले. त्यांनी लपवले नाही. वास आला होता आणि कसला ते कळलेही होते. उठून पंचनामा करणार होते, पण पत्नी म्हणाली की समोर वाढलेल्या अन्नावरून उठू नका. मग त्यांनी विषय सोडला. ते म्हणाले, म्हाताऱ्याला सांगा, मी काही करणार नाही. आणि हसून असेही म्हणाले की एवढे कांदे तळू नका म्हणावे, खात्यात सगळ्यांना नाके आहेत.

मी ते तसेच नानांना सांगितले. त्यांची भीती जाईल अशी माझी समजूत होती. त्यांनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "हासत बोलना का?"

हो म्हणालो. नाना मान हलवत राहिले. त्या महिन्याच्या शेवटी खाणावळ बंद झाली आणि दोघे धुळ्याला अक्कांच्या मुलाकडे गेले.

धुळ्यात नाना निर्धास्त होते. मी कामानिमित्त तिकडे जाई तेव्हा त्यांच्याकडे डोकावत असे. पांझरा नदीच्या बाजूला घर होते, दार दिवसभर सताड उघडे. नाना ओट्यावर बसलेले असत. खाकीतला माणूस समोरून गेला तरी मान वर करत नसत. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. पुढ्यात येईल ते जेवत आणि भराभर जेवत. फ्रान्सचा विषय काढला तर, व्हतं एक गाव, म्हणत. ते बरे आहेत, असे भाचा सांगे, आणि वरवर पाहता ते खरे होते.

अक्कांनी मात्र भावाला न सांगता केळी कुस्करायला सुरुवात केली होती. मायेशिवाय. घराच्या सपाट धाब्यावरच्या खोलीत लोणच्याच्या बरणीत त्या रस घालून ठेवत. तो कुजे, त्यात किडे होत, त्या फेकून देत आणि पुन्हा ठेवत. घरातल्यांना वाटे, म्हातारी जनावरांसाठी काही करते आहे. असे दोन-तीन वर्षे चालले. मग एका उन्हाळ्यात एका बरणीवर पातळ साय धरली. ती फाटली नाही. अक्कांनी बोटाने दाबून पाहिली आणि खाली येऊन भावाला हाक मारली.

मी त्यानंतर आठवड्याने गेलो, तेव्हा दार बंद होते. बराच वेळ ठोठावल्यावर आतून कोण आहे असे विचारले गेले. नानांनी मला आत घेऊन कडी लावली आणि वर नेले. बरणीवरचे फडके सोडून दाखवले. मी विचारले, तीच का ही. नाना म्हणाले, "मादामनी नही. ही अक्कानी शे." मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि पलीकडच्या घरात नवा भाडेकरू आला आहे तो काय करतो, ते मला माहीत आहे का, असे विचारले. अक्का जिन्यात उभ्या राहून, सायबाच्या बापालाही ह्याच्या बरणीत रस नाही, असे काहीतरी पुटपुटत होत्या. पण रात्री उठून फडके घट्ट आहे का ते त्याच पाहत, असे भाच्याने मला नंतर सांगितले.

निघताना नानांनी माय मधोमध फाडली. एक तुकडा बरणीत राहू दिला, दुसरा रसासकट एका बाटलीत घालून बूच लावले आणि बाटली माझ्या हातात दिली. माय एकाच जागी असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बाटलीतला रस अजून कच्चा आहे, सिरका व्हायला पंधरवडा तरी लागेल, तोवर जपून, हे त्यांनी दोनदा सांगितले. ती आमची शेवटची भेट. पुढच्या वर्षी नाना गेले, त्यांच्यामागून अक्का.

बाटली पंच्यात गुंडाळून पिशवीत घातली होती. एस. टी. च्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि पिशवी मी पायांशी ठेवली. धुळे सोडल्यावर थोड्या वेळाने गाडी रस्त्यात थांबवली गेली. दारूबंदीची तपासणी होती. एक शिपाई चढला. पोरसवदा होता, बोलायला नम्र. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला त्याने, आबा, जरा गाठोडं सोडता का, असे विचारले, आणि म्हातारा गडबडला तेव्हा, सावकाश, घाई नाही, असेही म्हणाला. मी पत्रकार होतो. ओळखपत्र खिशात होते. धुळे आणि जळगाव दोन्हीकडचे अधिकारी मला नावाने ओळखत. बाटलीत काय आहे ते समजावून सांगणे मला अवघड नव्हते. त्यातले काही मला त्या वेळी आठवले नाही. माझे दोन्ही पाय पिशवीला चिकटले होते आणि बुचातून वास येतो आहे अशी माझी खात्री झाली होती. गाठोड्यात ज्वारी निघाली. शिपायाने ते पुन्हा बांधून दिले, गाडीवरून एकदा नजर फिरवली आणि तो उतरला.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. मलाही उतरायचे होते. पिशवी जागेवर सोडून उतरवेना आणि ती हातात घेऊन लोकांतून जाण्याचा धीर होईना. जळगाव येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.